पाटा काढावा की राहू द्यावा

एकही निर्णय न घेता आयुष्यात सर्वांत जास्त पेट्रोल कुणी जाळलं, अशी स्पर्धा सातारा-सांगलीत मिळून कुणी घेतली असती, तर पहिला नंबर आमच्या आत्तोबांचा आला असता. आणि बक्षीस घ्यायला जावं की न जावं, हे विचारायला ते पुन्हा गाडी काढून कुणाकडं तरी गेले असते.

आत्तोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं सैन्यात गाड्या हाकण्यात घालवून ते सुभेदार होऊन उंब्रजला परतले, तेव्हा मी तिथल्या हायस्कुलात मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि त्यांच्याकडंच राहत होतो. माणूस अंगानं दांडगा, मिशा भरघोस, आवाज असा की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. पण कधी उठायचं हे त्यांना पलटणीत बिगुलानं सांगितलं, कुठं जायचं हे साहेबानं सांगितलं, आणि पेन्शनीत आल्यावर हे सगळं खातं आत्याकडं आलं. आत्या म्हणेल ती पूर्व दिशा. एकदा आभाळ भरून आलेलं असताना आत्या शेजारी गेली होती, तर हा गडी एका पायात चप्पल घालून उंबऱ्यात उभा. मी म्हटलं, "काय झालं आत्तोबा?" तर म्हणाले, "छत्री घ्यायची का न्हाई, ते ती आल्याबिगर कसं कळायचं?" ती आली, "घ्या," म्हणाली, आणि मग दुसऱ्या पायात चप्पल गेली.

स्वतःच्या मनानं त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट ठरवली होती. दर सुट्टीला आले की परत जाताना आत्याला सांगायचे, "पेन्शनीत आलो की तुला माज्या गाडीतनं फिरवतो." ते तिकडं सरहद्दीवर आणि इकडं आत्या एकटी रान बघायची, उसाला पाणी पाजायची, वैरणीचे भारे वाहायची. तिनं उंब्रज आणि आटपाडीचं माहेर सोडून काही पाहिलं नव्हतं. पेन्शन सुरू झाली, आणि आत्तोबांनी सैन्याच्या लिलावातली एक जीप घेऊन दारात उभी केली. रोज सकाळी ते जीपची हजेरी घ्यायचे. चाकांना टिचकी, तेलात बोट, आरशाला फडकं, आणि शेवटी दोन पावलं मागं सरून वरपासून खालपर्यंत एक करडी नजर. जीपनं काही उत्तर दिलं नाही की ते खूश व्हायचे.

पहिल्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून पुढं बसली आणि मंडळी नदीकाठच्या महादेवाला निघाली. मैलभर अंतर. आत्तोबांना गाडी हळू हाकणं ठाऊकच नव्हतं. मागून शत्रू लागला आहे अशाच हिशेबानं त्यांचा पाय पडायचा. पहिल्या खड्ड्याला आत्याचा डोक्यावरचा पदर गेला, दुसऱ्याला हातातली बांगडी फुटली, तिसऱ्याला ती "थांबवा!" म्हणून ओरडली. खाली उतरली, कंबर धरली आणि चालत घरी आली. "महादेवाला हितनंच हात जोडते," म्हणाली, "पर ह्या भुतात पुन्यांदा बसायची न्हाई." कंबर काही त्या दिवशी बिघडली नव्हती. ती वैरणीच्या भाऱ्यांनी आणि पाण्याच्या घागरींनी केव्हाच गेली होती. पण आत्तोबांचा चेहरा त्या दिवशी पडला तो पडलाच.

दोष पाट्यांचा, असं सगळ्यांचं मत पडलं. जीपच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचून कमान केलेली असते, तिला आमच्याकडं पाटे म्हणतात. धक्का ते खातात. आमच्या जीपचे पाटे मात्र तो न खाता जसाच्या तसा बसणाऱ्याच्या पदरात टाकायचे. कराडचा मिस्त्री म्हणाला, "सुबेदार, एकेक पाटा काढतो, लोण्यावानी चालंल." झालं! काढावा की राहू द्यावा? आत्तोबांनी सवयीनं आत्याकडं पाहिलं. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आत्या म्हणाली, "गाडी तुमची. तुमी ठरवा."

तिथून आत्तोबांची वणवण सुरू झाली. शेजारच्या बागायतदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "काढताय कशाला? उलट दोन घाला, मागं ऊस टाकू." सांगलीला एक ओळखीचे जैन हळदव्यापारी होते, त्यांना विचारायला आत्तोबा खास गेले. त्यांनी ऊन ऊन उपीट खायला घातलं आणि सांगितलं, "कंपनीनं बांधलेल्या मालाची गाठ आपण सोडू नये." लोणंदला पलटणीतला जुना दोस्त होता. त्यानं दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी म्हणाला, "साहेबाला विचार." पेट्रोल तेव्हा महागलं होतं, लोक मोटारी झाकून ठेवत होते, आणि आत्तोबा एक पाटा काढावा का, एवढं विचारत दोन जिल्हे पालथे घालत होते.

मधूनमधून धीर करून ते कराडला जायचे. मिस्त्री जीपखाली शिरायचा, पाना लावायचा, आणि नट जरासा कुरकुरला की आत्तोबा ओरडायचे, "थांब! कंपनीचा इंजिनेर काय येडा हुता व्हय?" मग नट पुन्हा आवळायचा, चहा व्हायचा, आणि जीप आली तशी परत. पुढं पुढं जीप दिसली की मिस्त्री पाना न आणता खुर्चीच आणायचा.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. आटपाडीला, आमच्या घरी. आधीच्या दुष्काळानं दोनदा लांबलेलं लग्न. ही बहीण लहानपणी चार वर्षं आत्याजवळ वाढलेली. आत्याला स्वतःचं मूल नव्हतं. त्या पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला आत्या गेली नाही, असं होऊच शकत नव्हतं. पण एष्टीनं जायचं तर कराडला बदला, विट्याला बदला आणि गर्दीत उभं राहा. ते तिच्या कंबरेला झेपणारं नव्हतं. जीपचं तर नावच काढायला नको. आत्या रोज संध्याकाळी लग्नासाठी घेतलेलं खण-लुगडं पेटीतून काढायची, पुन्हा घडी घालायची आणि परत ठेवायची. ते बघून मला रडू यायचं. आत्तोबा तर अंगणात जीपभोवती फेऱ्या घालायचे आणि जेवायला बोलावलं तरी यायचे नाहीत.

लग्न आठवड्यावर आलं असताना ते एका संध्याकाळी धावतच घरात शिरले. "मास्तर, पाट्याचा दोष न्हाई! वजन कमी पडतंय!" झालं होतं असं, की कुस्त्यांच्या मैदानावरून येताना त्यांनी तालमीतल्या दोन पैलवानांना मागं बसवून आणलं, आणि जीप चक्क डुलत आली. "ही पाव टनाची गाडी हाय. पाव टन टाकल्याबिगर पाटा वाकंलच कसा? इंजिनेर येडा न्हवता गड्या!" मी म्हटलं, जोंधळ्याची पोती टाकू. तर म्हणाले, "पोत्याला वळणावर तोल सावरता येत न्हाई. पैलवानच पायजेत."

आणि खरोखर पैलवान ठरले. लग्नाचं जेवण म्हटल्यावर तेही एका पायावर तयार झाले. भल्या सकाळी निघालो. पुढं चार गोधड्यांवर आत्या, मागं दोन बाजूंना दोन पैलवान, आणि मधे कायद्यानं जागा नसताना मी. कराड गेलं, विटा मागं पडलं. भिवघाटाच्या अलीकडं आत्तोबांनी घाबरत घाबरत विचारलं, "काय, लागतंय का?" आत्या म्हणाली, "आवं, पुढं बघून चालवा." एवढं ऐकून आत्तोबांची मान अशी ताठ झाली की आटपाडी येईपर्यंत ती वळली नाही. हाडं कुणाची खिळखिळी झाली असतील तर माझी, पण ती पैलवानांच्या मांड्यांमुळं. आत्यानं अक्षता टाकल्या, बहिणीला पोटाशी धरून पोटभर रडली. पंगतीत पैलवानांनी जिलेबीचा जो समाचार घेतला, त्याबद्दल वडील पुढं बरीच वर्षं बोलत असत.

घोटाळा झाला तो दुसऱ्या दिवशी. शेजारच्या गावात जत्रेचं मैदान होतं, आणि पैलवान कुणाला न सांगता पहाटेच तिकडं गेले. जीप रिकामी! आत्तोबा हताश होऊन जोत्यावर बसले. वडील आत्याला राहा म्हणाले, पण घरी म्हैस व्यायला झाली होती. शेवटी आत्याच उठली, पदर खोचला आणि जीपमध्ये जाऊन बसली. म्हणाली, "हळू चालवायची बघा. मला कुटं लढाईला जायाचंय?" हा उपाय दोन जिल्ह्यांत एकालाही सुचला नव्हता.

मी आवराआवर करून दुपारच्या एष्टीनं निघालो. विट्याच्या अलीकडं खिडकीतून पाहतो तो आमची जीप! सकाळी निघालेली जीप रस्त्याच्या कडेनं अशी चालली होती, की मागची बैलगाडी तिला ओलांडायला बघत होती. आत्या हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि आत्तोबा मान हलवत ऐकत होते. एष्टीनं भोंगा वाजवला, मी खिडकीतून हात केला, पण दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. कंबर दुखते का, हे विचारायचं मी विसरूनच गेलो, आत्या इतकी ताजी दिसत होती.

पुढं चारेक वर्षं ती दोघं त्याच जीपमधून त्याच चालीनं फिरली. औदुंबर झालं, म्हसवड झालं, नरसोबाची वाडी झाली. पाटे होते तसेच राहिले. मग आत्या गेली. तिच्या वर्षश्राद्धाला मी उंब्रजला गेलो होतो. संध्याकाळी अंगणात बसलो असताना, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आत्तोबा, पाटा तेव्हाच काढला असता तर आत्याला कितीतरी लवकर आणि सुखानं फिरवता आलं असतं."

एरवी पाट्याचा विषय निघाला की मी समजायचो, ते आता कुणाला तरी विचारायला जाणार. त्या दिवशी ते जागचे हलले नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले, "पाटा काढला आस्ता तर मी गाडी जोरात हाकली आस्ती. आटपाडीस्नं जेवणाच्या वक्ताला घरी आलो आस्तो. मी न्हवतो त्या समद्या वर्साचं तिला सांगायचं हुतं. एवढी हळू आणली गाडी, तरी उंब्रज आलं तवा तिचं निम्मंच सांगून झालं हुतं."