तळव्यावरची खळी

झुंबरमावशीला गप बसवणं म्हणजे डोक्याला ताप. लोणावळ्याच्या दवाखान्यात बाकावर टेकली की उठायची, उठली की दारात जायची. "रियाज, मला घरी ने. मीच बसवते की बोट!"

"बसलं असतं तर हितं आलो असतो का गं?" मी खेकसलो. तीन तास हेच चाललेलं!

आमच्या टाकवे गावात निखळलेलं बोट गेली चाळीस वर्षं मावशीच बसवते. तेल लावायचं, समोरच्याला सासुरवाडीचं विचारायचं, आणि तो बोलतोय तोवर कट्! आदल्या दिवशी म्हशीनं दाव्याला हिसका दिला आणि तिचंच अंगठ्याशेजारचं बोट मुळातून निखळलं. पठ्ठीनं स्वतःच पाच वेळा ओढलं. त्याच बोटानं ती लोकांचे सांधे चाचपते. ते गेलं की सगळंच गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला, मग तिच्या तळव्यावर पडलेली खळी दाखवली. "आजी, ही खळी दिसली की ओढायचं नसतं. आतली पट्टी सांध्यात अडकलेली असते, ओढाल तेवढी जास्त अडकते. आता ऑपरेशन करूनच सोडवावी लागेल."

"आन् न्हाई सोडवली तर?"

"बोट कायमचं ताठ राहील."

मावशीनं माझा उजवा हात टेबलावर ओढला. माझं तेच बोट बावीस वर्षं ताठ आहे. कबड्डीत निखळलेलं, मी बोंबलत होतो आणि मावशी ओढत होती. देहूरोडच्या लष्करी डेपोतली नोकरी त्याच बोटापायी हुकली, म्हणून रिक्षा. मी आपला नशिबाला बोल लावत आलो.

"ह्याच्या बी तळव्याला खळी पडलीती," ती म्हणाली. "मला चांगलं आठवतंय."

माझं डोकंच सणकलं. चावी घेऊन तडक जिना उतरलो, रिक्षा सुरू केली, बंद केली, परत वर आलो. तिला मागं-पुढं कुणी नाही. फॉर्मवर सही करणार कोण? केली मीच.

ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी तिचं बोट वाकायला लागलं. माझं काय वाकणार!

परवा नंदाबाई सुनेला घेऊन आली, बोट निखळलेलं. मावशीनं तेलाची बाटली काढली नाही. तळवा उताणा केला, त्यावरची खळी निरखून पाहिली आणि म्हणाली, "ह्याला हात लावायचा न्हाई. लोणावळ्याला न्या."

"तुमीच ओढा की, मावशी! तुमच्या हातनं कुणाचं बिघडलंय व्हय?"

"ह्याचं," मावशीनं माझ्याकडं बोट केलं. "ह्याचं म्या बिघडवलं."

मी रिक्षा काढली.