टॉकीजमध्ये बसलेला दशावतार

हे सगळं मला नेमकं आठवतंय का, याची खात्री नाही. पिक्चर कुडाळला लागला ते साल २००५ असावं, किंवा त्याच्या पुढचं. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, डॉक्टरेट केली, पण हल्ली घराला कुलूप लावलं की नाही हे परत जाऊन बघतो. तेव्हा तपशील चुकला तर सांभाळून घ्या. किस्से मात्र विसरता येत नाहीत. तारकर्लीत किनाऱ्याजवळ घर असलं की रोज झाडूनही कोपऱ्यात वाळू सापडतेच, तसं आमच्या मंडळींचं आहे!

मंडळी म्हणजे गावातली दशावतारी कंपनी. मी तिच्यात कोणीच नाही. निवृत्त होऊन गावी आलो आणि संध्याकाळी त्यांच्यात बसू लागलो, इतकंच. तात्या राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका करणारे. नाना स्त्रीपार्टी, मिशी उतरवून नऊवारीत उभे राहिले की साक्षात राणी. बापू द्वारपालापासून राक्षसापर्यंत पडेल ते काम करणारा. आणि निलेश, तिशीचा, दिवसा कुडाळच्या एमआयडीसीत नोकरी, रात्री नाटकात.

पावसाळ्यात नाटकं बंद असतात. तशाच एका रिकाम्या रविवारी आम्ही एसटीने पिक्चरला निघालो.

*

पिक्चर इंग्रजी, हिंदीत डब केलेला. हिरव्या झग्याचा, मुखवटेवाला हिरो. त्याचे आधी तीन-चार भाग येऊन गेले होते. आता नट नवा, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

मंडळींचा गोंधळ होईल या काळजीने मी आदल्या दिवशी वाचून तयारी केली होती. एसटीत समजावायला लागलो, "याला रीबूट म्हणतात. हिरो जुनाच. आधी काय घडलं ते विसरायचं आणि सगळं नव्याने सुरू."

तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे आमच्या दशावताराचो दहीकालोच की! दर जत्रेक तोच राजा, तीच गोष्ट, आणि ती पयल्यापासून. सर, ह्या तुमी आमका शिकवतास?"

माझी तयारी कुडाळपर्यंत सोडाच, वाटेतल्या चौक्याच्याही पुढे गेली नाही!

*

पिक्चरच्या सुरुवातीला हिरोचे वडील मरतात. बापू खुर्चीतून उठलाच.

"ह्येचो बापूस मागच्या पिक्चरात मेल्लो मा? आता परत कसो मरता?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात नाना म्हणाले, "खाली बस रे मेल्या! गेल्या वर्साक रावण होवन तू किती वेळा मेलंस? कोणी इचारल्यान तुका?"

*

मग हिरोची तयार होण्याची जागा आली. भिंत सरकते, दिवे लागतात, कपाटातून झगा बाहेर येतो आणि एक नोकर तो हिरोला चढवतो. टॉकीजमध्ये शिट्ट्या!

नाना मात्र हळहळले. आमच्याकडे प्रत्येक नट आपला रंग आपण लावतो, आपलं आपण नेसतो. नाना तर बोलता बोलता नऊवारी नेसून मोकळे होतात.

"येवढो श्रीमंत," नाना म्हणाले, "आणि नेसूक मानूस लागता! त्यात तोंड झाकल्यान. मग भाव खंय दाखवतलो, गुडघ्यांत?"

पुढे हिरो मनोऱ्यावरून पडणाऱ्या हिरोईनला हवेत एका हाताने झेलतो. मला राहवलं नाही. मी पुटपुटलो, "या वेगाला असं झेललं तर झेलणं आणि आपटणं सारखंच."

"सर," नाना म्हणाले, "आमचो मारुती समुद्र वलांडता तेव्हा तुमी गप हात जोडतास!"

त्यानंतर मी हिशेब केला नाही. पिक्चर मला आवडला, हे कबूल करतो. अर्धा वेळ हिरो घाबरलेलाच असतो. माझ्यासारख्याला तो जवळचा वाटला.

*

इंटरव्हलला वडापाव खाताना बापूने विचारलं, "तात्यानू, नवो हिरो कसो काय?"

सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. कारण येत्या सीझनपासून राजपार्ट निलेशने करावा, असं कंपनीत चाललं होतं. तात्यांचे गुडघे साथ देत नव्हते. ते हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय निलेश त्या भूमिकेला हात लावणार नव्हता.

तात्यांनी वडापाव संपवला, हात पुसले. "पोरगो बरो आसा. पण अजून लोकांका इचारता, मी बरो आसंय काय? राजा इचारणा नाय."

निलेशने वडापाव तसाच कागदात गुंडाळला.

परतीच्या एसटीत कंडक्टरने विचारलं, पिक्चर कसा होता. तात्या म्हणाले, "गोष्ट आमचीच. खर्च त्येंचो!"

*

त्या हिवाळ्यात कुडाळला संध्याकाळचा प्रयोग होता. तात्यांची तब्येत बरी नाही, राजा निलेश करणार, एवढंच आम्हाला कळलं; तात्यांनी मान हलवली की नाही, ते नाही. हॉल भरलेला, आणि तो तात्यांच्या नावावर. मी तिसऱ्या रांगेत पाय हलवत बसलो होतो. मागून कुजबुज चालू होती, "तात्या खंय?"

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, बाकी सगळं उभ्या उभ्या. समोरच्याने टाकलेला शब्द झेलता आला नाही तर गडी तिथेच संपला.

पेटी वाजली, पडदा सरला, निलेश राजाच्या वेषात दोन पावलं पुढे आला. तोच त्याच्या छातीसमोर भाला आडवा झाला. द्वारपालाच्या वेषात तात्या!

"थांब! खंय चल्लंस? ह्या दरबाराचो राजा माका ठावक आसा. तीस वर्सां बघतंय त्येका. तू तो न्हंय!"

पेटी थांबली. निलेशने एकदा लोकांकडे बघितलं, मग तात्यांकडे.

"खरं बोललास, द्वारपाला," तो म्हणाला. "मी तो नव्हे. पण तो महाराज स्वतः भाला घेऊन दारावर उभा आहे, म्हणून तर मी निर्भयपणे आत जातो आहे. बाजूला हो!"

तात्यांनी भाला उभा केला, बाजूला झाले आणि त्यांच्या त्या राजपार्टी आवाजात गरजले, "विजय असो महाराजांचा!"

टाळ्या किती वेळ चालल्या, माहीत नाही. राणीच्या वेषातले नाना पडद्याआडून बघत होते. रंग जाईल म्हणून त्यांनी डोळे पुसले नाहीत.

हे सगळं आधीच ठरलेलं असणार, अशी शंका मला बरीच वर्षं होती. शेवटी पेटीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, त्याला काहीच माहीत नव्हतं. तरी खात्री वाटेना. मग ओरोसच्या स्टँडवर बापू भेटला, त्याला विचारलं.

"खंयचा ठरला, सर! द्वारपाल माझोच होतो. मी रंग लावन बसलेलंय. तात्या इले आणि म्हणाले, 'बापू, भालो माका दी. आज तू लोकांत बसान राजाक बघ.'"