वाटीत न फोडलेली अंडी

अण्णांच्या कोंबड्यांची पंचवीस अंडी मी स्कूटरवरून पाडून फोडली, आणि ते सांगायच्या ऐवजी बाजारातली पंचवीस आणून त्यांच्या बुट्टीत भरली. सव्वा महिन्यापूर्वी अण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा आधी हेच आठवलं. माणसानं आयुष्यभर जेवू घातलं, आणि आठवायचं काय, तर आपला गाढवपणा...

अण्णांची खानावळ हुबळीत गोकुळ रोडला, घर मात्र धारवाडात मळमड्डीला, आमच्या तेव्हाच्या घराच्या भिंतीला भिंत लावून. परसात बारा-पंधरा जवारी, म्हणजे गावठी कोंबड्या. "धंदा सांभाळून हा पसारा कशाला?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बाजारातलं अंडं आत कसं आहे ते फोडल्यावर कळतं, श्रीपा. तोवर गिऱ्हाईक पानावर बसलेलं असतं." बाकीचे आचारी प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून, बघून, मग रश्श्यात सोडत. अण्णा थेट कढईत फोडायचे. वाटी घेणं म्हणजे त्यांना आपल्या कोंबड्यांचा अपमान वाटे.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. खानावळीच्या जागेचा मालक जागा रिकामी करा म्हणून मागे लागला होता. एका कारखान्याचं कॅन्टीन मिळालं तरच अण्णांचा धंदा टिकणार होता, आणि त्या रविवारी कारखान्याची माणसं चव बघायला येणार होती. अंडी पोचवायचं काम मी आपणहून मागून घेतलं. वाटेत नवनगरजवळ ओळखीच्या एक बाई दिसल्या, त्यांना हात करायला गेलो आणि बुट्टीसकट आडवा झालो. रस्त्याकडेच्या दुकानात जवारी अंडी मिळाली. रंग तोच, आकार तोच. मी स्वतःच्या हुशारीवर खूश!

पण अण्णांनी पहिलं अंडं कढईच्या काठावर टिचकवलं आणि मला आठवलं, हे वाटी घेत नाहीत. वाटी हाताशीच होती. "अण्णा, वाटीत फोडा" एवढंच म्हणायचं होतं... दहा झाली, पंधरा झाली, सगळी चांगली. बाहेर पाहुणे हात धूत होते. वाटलं, सुटलो. एकोणिसावं फुटलं, आणि अण्णांची बायको, आमची अक्का, नाकाला पदर लावून मागे सरली.

अण्णांचा हात कढईवर तसाच राहिला. "माझ्या कोंबडीचं नाही हे. कुठनं आणलास?"

मी सांगितलं.

त्यांनी शेगडी बंद केली आणि बाहेर गेले. "साहेब, रस्सा बिघडला. चूक माझी. पिठलं-भाकरी वाढतो."

पाहुणे जेवले, छान म्हणाले, आणि कॅन्टीन दुसऱ्याला दिलं. दोन महिन्यांत खानावळ उठली. पुढं अण्णा घरूनच डबे देत राहिले. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून घरच्या कोंबडीचं अंडंही ते वाटीत फोडू लागले.

परवा अक्काला भेटायला गेलो. ती शेगडीपाशी उभी राहून, अंडं वाटीत फोडून निरखत होती, अगदी अण्णांसारखी मान तिरकी करून. न राहवून म्हटलं, "अक्का, कोंबड्या तर घरच्याच. अजून वाटी कशाला?"

मान वर न करता ती म्हणाली, "कोंबड्यांवर भरवसा आहे रे. पण तुझं येणं-जाणं चालू आहे ना घरात."