रेघेवरची नळी

धक्क्याच्या टोकाला बोटींची इंजिनं दुरुस्त करायची शेड आहे. तिच्या फरशीवर दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एक पिवळी रेघ ओढलेली आहे. रेघेच्या अलीकडे इंधन, पलीकडे हवा. अलीकडे थेंबराव, पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ, ज्याला सगळा धक्का फुंकर म्हणतो. दोघं सख्खे आहेत हे नवख्यालाही भांडण ऐकून कळतं. परक्यांना इतकं मन लावून भांडता येत नाही.

थेंबरावांनी हे नाव कमावलेलं आहे. इंजिनात इंधनाचा फवारा सोडणारे इंजेक्टर ते बाकावर ओळीनं लावतात आणि डोळे बारीक करून एकेकाकडे बघत बसतात. फवारा थांबल्यावर तोंडाशी एक थेंब जरी लोंबकळला, तरी तो इंजेक्टर बाद. माणसांनाही ते हाच नियम लावतात. त्यांच्या बायकोचं म्हणणं असं, की घरात कुणाला सर्दी झाली तर हे नाकाकडेसुद्धा तसंच बघतात.

फुंकरचा प्रांत ब्लोअरचा. ब्लोअर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनात हवा जबरदस्तीनं कोंबणारा पंखा. फुंकरचा स्वभावही याच पद्धतीचा आहे.

फार वर्षांपूर्वी एका बोटीचा पिस्टन जळला. थेंबराव म्हणाले, हवा जास्त झाली. फुंकर म्हणाला, इंधन कमी पडलं. दोघं एकच गोष्ट सांगताहेत हे गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं, आणि तो बोट घेऊन दुसरीकडे गेला. त्या संध्याकाळी पिवळ्या रंगाचा डबा उघडला गेला. ज्यातून इंधन वाहतं ते थोरल्याचं, ज्यातून हवा वाहते ते धाकट्याचं, अशी वाटणी ठरली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, इंजिनाशी बोलतात. इंजिन कायम रेघेवर उभं असतं आणि दोघांचं ऐकून घेतं.

या दोघांची मोठी बहीण म्हणजे अक्का. समोरच्या बेटांवरचे रुग्ण आणणारी बोट तीच चालवते. परवा ती शेडच्या दारात उभी राहिली, रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून.

"वेग घेत नाही," ती म्हणाली. "धक्क्याला उभी असताना गरीब गाय. अर्ध्याच्या पुढे रेटली की ठसकते, खोकते, मान टाकते. उद्या सकाळी तपासनीस बोटीत बसणार. लांबच्या दीपस्तंभापर्यंत पूर्ण वेगात न्यायचीय. नाही गेली, तर बोट कामावरून काढतील आणि मला जमिनीवर बसवतील."

जमिनीवर बसून माणसं दिवसभर काय करतात, हे अक्काला कधी नीट कळलेलं नाही.

इंजिन बोटीतून निघून रेघेवर आलं आणि दुपारपर्यंत दोघांनी आपापली बाजू उलटीपालटी केली. थेंबरावांनी गाळणी पाहिली, टाकीत पाणी उतरलंय का ते पाहिलं, इंजेक्टर काढून फवारे तपासले, इंजिन चालू करून इंधनाचा दाब मोजला.

"इंजिनबाई," हात पुसत ते म्हणाले, "तुमच्या पोटात इंधन वेळेवर आणि मोजून जातंय. श्वास घेता येत नसेल तर पंखेवाल्याला विचारा."

फुंकरनं पट्टा ताणून पाहिला होता, सांधे साबणाच्या पाण्यानं भिजवून बुडबुडे शोधले होते. "बाई, तुम्हाला वारा भरपूर आहे," तो इंजिनाला म्हणाला. "उपाशी ठेवलंय तुम्हाला. वाढणाऱ्याचा हात आखडता आहे. लहानपणापासूनच."

"लहानपणी याचं नाक कोण पुसायचं ते विचारा त्याला."

"त्यातही थेंब मोजायचे हे."

"पुरे!" अक्का म्हणाली. "उभ्या इंजिनाला काही होत नाही हे मी सकाळीच सांगितलं. धावताना होतं. दोघं आपापले काटे घ्या आणि बोटीत बसा."

"त्याच्याबरोबर?" दोघांनी एकदमच विचारलं. पिस्टन जळाल्यापासून त्यांचं झालेलं हे पहिलं एकमत.

"नाही, माझ्याबरोबर. तो तिथे असेल, एवढंच."

इंजिन परत बोटीत बसलं. थेंबराव इंधनाचा दाब दाखवणारा काटा धरून डावीकडे बसले, फुंकर हवेचा काटा धरून उजवीकडे. खाडीबाहेर अक्कानं वेग वाढवला. बोट उचलली गेली आणि लगेच ठसकली.

"हवा वाढतेय!" फुंकर ओरडला. "काटा बघा माझा, वर चाललाय! इंधन कुठाय?"

"इंधन होतं तेवढंच आहे! तसूभर कमी नाही!"

"होतं तेवढंच? हवा वाढल्यावर ते वाढायला नको? मोठा आला शहाणा!"

"वाढ म्हणून त्याला सांगणार कोण? तुझा काका?"

"माझा काका तोच तुझा काका, दादा!"

फुंकरच्या तोंडून दादा निघून गेलं. ते इंजिनाला उद्देशून नव्हतं. त्याला ते जाणवलं असावं, कारण पुढचा काही वेळ तो समुद्राकडे फारच रागानं बघत होता.

अक्कानं इंजिन बंद केलं. "सांगणार कोण, हे बरोबर विचारलंस," ती थोरल्याला म्हणाली. "सांगतं कोण?"

थेंबरावांची नजर एका करंगळीएवढ्या रबरी नळीवर गेली. फुंकरचीही तिथेच गेली. ब्लोअरच्या बाजूनं निघून ही नळी इंधनाचा दाब ठरवणाऱ्या डबीला जाते. हवेचा जोर वाढला की तो डबीला जाणवतो, आणि डबी इंधन वाढवते. अक्कानं नळी वाकवली. तिच्या पोटात चीर होती. उभं इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीनं चीर मिटून जायची. हवेचा जोर आला की तोंड उघडायची, जोर तिथूनच बाहेर निसटायचा आणि डबीला पत्ता लागायचा नाही.

"हे तू पाहिलं नाहीस?" अक्कानं फुंकरला विचारलं.

"डबी इंधनाची. नळी डबीची."

"आणि तू?"

"नळीत हवा आहे," थेंबराव म्हणाले. "मी हवेला हात लावत नाही."

"हवा वाहत नाही तीतून!" फुंकर उसळला. "पुढे बंद आहे ती. वाटणी वाहणाऱ्याची झाली होती."

"इंधन तरी वाहतंय का तीतून?"

म्हणजे रेघ ओढली त्या दिवसापासून, या शेडमधल्या कुठल्याच इंजिनाच्या त्या नळीकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नव्हतं. तिथून गेलेल्या बोटींचा विचार अक्काच्या मनात आला असणार, पण तिनं तो बोलून दाखवला नाही. धक्क्यावर तेव्हा त्यांतल्या दोन-तीन उभ्या होत्या.

शेडमध्ये परतल्यावर तिनं थेंबरावांच्या फळीवरून नळीचा तुकडा कापून घेतला. फुंकरच्या डब्यातून नळी आवळायच्या पट्ट्या घेतल्या. नळी तिनं स्वतः बसवली आणि दोघांनी जागेवरून सूचना दिल्या, एकमेकांविरुद्ध.

सकाळी बोट तपासनिसाला घेऊन दीपस्तंभापर्यंत पूर्ण वेगात गेली, एकदाही ठसकली नाही. परतताना त्याची टोपी समुद्रात गेली. त्यानं पास केलं, पण हसला नाही.

संध्याकाळी थेंबराव धक्क्यावर सांगत होते, की दोष हवेच्या नळीत सापडला. पलीकडच्या टोकाला फुंकर सांगत होता, की दोष इंधनाच्या नळीत सापडला. अक्का शेडच्या माळ्यावरून जुना रंगाचा डबा शोधून आली. तळाशी थोडा पिवळा रंग शिल्लक होता, वर साय धरलेला. साय फोडून तिनं आपली नवी नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवली.

"ही माझी," ती दोघांना म्हणाली. "हात लावाल तर बोटं मोडीन. आणि बाकीच्या बोटींच्या उद्या बदलायच्या. एकानं धरायची, एकानं आवळायची."

"धरणार कोण?" थेंबरावांनी इंजिनाला विचारलं.

"आवळणार मी," फुंकरनं इंजिनाला सांगितलं.

"त्याला आवळता येत नाही, बाई. लहानपणापासूनच."