कुरिसावाचा देव निघाला

कुरिसावाच्या चढावर मी रॉकेल पोचवायला जातो ते एकाच घरासाठी. बाकीच्या घरांना कुलपं लागली, काहींची छपरंही खचली. उरली तोमिए आजी आणि तिच्या घरामागचा देव. देव म्हणजे हातभर लांबीचा, घासून गुळगुळीत केलेला दगडी दांडा. भात लावणं ज्यांना ठाऊक नव्हतं, त्या काळच्या लोकांनी घडवलेला. तिच्या आजेसासऱ्यांना तो शेतात सापडला, दोरीचे ठसे असलेल्या खापरांसोबत, आणि गावाने त्याला देऊळ बांधलं.

दहाव्या महिन्यात देशभरातले सगळे देव दूर इझुमोच्या देवळात सभेला जातात आणि महिन्याने परततात. देव निघायच्या दिवशी आजी देवळाच्या दारात उभी राहून म्हणायची, "जाऊन ये." आमच्याकडे घरचं माणूस बाहेर पडताना 'जाऊन येतो' म्हणतं आणि मागे राहिलेल्याने 'जाऊन ये' म्हणायचं असतं. तिचा नवरा गेन्साकु बोगद्याच्या कामावर गेला, तो तिची झोप मोडू नये म्हणून न बोलताच. परत आली ती त्याची राख. तेव्हापासून देवाच्या बाबतीत तिने हा शब्द कधी चुकवला नाही.

यंदा ठरलं, गावात माणूसच नाही तर देव खालच्या मोठ्या देवळात न्यायचा, कायमचा. तिथल्या पुजाऱ्याने आजीला आधीच बजावलं, या वेळी 'जाऊन ये' म्हणू नका, नाहीतर देवाचा पाय तिकडे ठरणार नाही. मला असा राग आला! म्हातारीच्या तोंडचे दोन शब्द काढून घेणारा हा कोण? पण आजीने मुकाट मान हलवली.

पांढऱ्या कापडात गुंडाळलेला देव गाडीत बसला. आजी ओठ घट्ट मिटून उभी होती. गाडी वळणाआड गेली तरी ते उघडले नाहीत. मग ती रिकाम्या देवळापुढचा पाला झाडायला लागली.

"आता कुणासाठी झाडतेस, आजी?"

"हाताला सवय रे," ती म्हणाली. "जाऊन ये म्हणायला कुणी उरलं नाही बघ आता."

मी तिची रॉकेलची टाकी भरली. गिऱ्हाइकाच्या दारातून निघताना आम्ही धंदेवाले आभार मानून मान लववतो, तेवढंच. पण आज मी माझ्या गाडीत बसलो, काच खाली केली आणि म्हणालो, "जाऊन येतो."

ती झाडता झाडता थांबली.

"टाकी तर भरलीस. आता कशाला येशील?"

"असाच."

आजीने झाडू भिंतीला टेकवला, कपडे झटकले आणि पार रस्त्यापर्यंत आली.

"जाऊन ये," ती म्हणाली.