कॅरिअर नसलेली सायकल

अमडापूरच्या शाळेत कारकून असलेल्या अश्वजितला वाकड्या हँडलची, बारीक चाकांची रेसची सायकल हवी होती. जुन्या सायकलच्या कॅरिअरवर गल्लीभरचं दळण वाहण्यात त्याचे सगळे रविवार जात.

चिखलीच्या दुकानात त्याच्या ऐपतीतल्या दोनच वापरलेल्या सायकली होत्या. पहिलीचे गिअर अलगद पडत, दुसरीचे कुरकुरत.

"पहिलीले कॅरिअर बसते का?"

"बसते ना भाऊ."

"अन् दुसरीले?"

"तिले भोकंच नाहीत," दुकानदार ओशाळून म्हणाला.

"मंग तेच द्या."

घरी बायकोने, धम्मशीलेने, सायकलभोवती एक फेरी मारली. "कॅरिअर कुठं हाये?"

"बसतच नाही हिले," अश्वजित शक्य तितकं दुःखी तोंड करून म्हणाला. "म्या तरी काय करू?"

ती आत गेली आणि पोरीचं जुनं दप्तर ज्वारीने भरून घेऊन आली. त्याचे पट्टे तिने नवऱ्याच्या खांद्यांत अडकवले. तो निघाला, तशी शेजारची रुखमाबाई आपला दळणाचा डबा घेऊन दारात आली.

"सायकल बाकी बरी निवडली," धम्मशीला तिला म्हणाली. "पाठ आपोआप वाकते, ओझं हालतबी नाही."