जीपवाल्यांना काय सांगायचं

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. सासू म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर एक आदिवासी वाडी आहे. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा मी तिथली अंगणवाडी चालवत होते.

त्या आषाढात वाडीतल्या एका माणसाला दोघा भावांनी आपल्या शेतात काठ्यांनी मारून टाकलं. कारण काय, तर खेकडी धरताना त्याच्या पायाने त्यांचा बांध फुटला. चार टोपल्या मातीचा बांध! मारणारे माझ्याच गावचे, रोज वाटेत भेटणारे. मेलेल्याची बायको पंचविशीची असेल. चार वर्षांची मुलगी माझ्याच अंगणवाडीत यायची. असं मरण आलं की वाडीत त्या माणसाची झोपडी ठेवत नाहीत. दिराने तिच्या कुडाच्या कारव्या उपसून नेल्या आणि मायलेकींना आपल्याकडे आणलं. बाई जेवेना, झोपेना. लांबून गाडीचा आवाज आला तरी कोपऱ्यात जाऊन बसायची.

गुन्हा नोंदवला गेला. आदिवासीवर असा अत्याचार झाला तर सरकार घरच्यांना मदत देतं, हे मला पोलिसपाटलाने सांगितलं. पैसे तर मिळतातच, शिवाय बोलून धीर द्यायला एक बाई पाठवायचीही त्या वेळी सोय होती. मला पैशापेक्षा त्या धीर देणाऱ्या बाईचंच जास्त वाटलं, कारण माझ्या बोलण्याने हिचा घास काही घशाखाली उतरत नव्हता. मी अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला, शहापूरला जाऊन देऊन आले.

भाद्रपदात ते भाऊ जामिनावर सुटले. त्यांची माणसं जीप घेऊन वाडीत यायला लागली. "अंगठा दे, मिटवून टाकू." एकदा तिचा हात धरून ओढलासुद्धा. माझं टाळकंच फिरलं. मी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हटलं, "यापुढे कुणीही जीपवाला आला ना, की तिने करवंदीच्या जाळीत शिरायचं. बाकीच्यांनी सांगायचं, अशी बाई इथे राहत नाय. कायमची गेली." पोरांच्या तोंडून निघून जातं म्हणून त्यांनाही घोकून घेतलं. प्रार्थना झाली की मी विचारायची, "गाडीवाला विचारेल, आई कुठाय? काय सांगायचं?" तिची मुलगी सगळ्यांच्या आधी ओरडायची, "माझी आई नाय!" मी तिला शाबासकी म्हणून मूठभर चणे द्यायची.

महिना गेला तरी सरकारकडून कुणी येईना. मग एका सोमवारी मी सरळ कचेरीत जाऊन बसले. शिपाई म्हणाला, साहेब चौकशीला गेलेत. बाकावर बसून संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात साहेबांना शिव्या घातल्या. परत आले तर वाडीच्या तोंडाशीच सगळे उभे. दीर छाती काढून म्हणाला, "बाई, आज जीप आलती. एक साहेब न एक चष्म्यावाली बाई. आमी कुनी तोंड उघडला नाय!"

चौकशीला गेलेले साहेब ते हेच! मी विचारलं, "ती चष्म्यावाली काय म्हणाली?"

"पोरीला मांडीवर घेतलान. गोड बोलून इचारलान, आई कुठं हाय? पोरगी बोलली, माझी आई नाय."

तेवढ्यात पोरीची आई जाळीतून आली. हातापायांवर ओरखडे, आणि आषाढानंतर पहिल्यांदा तोंडावर थोडं हसू. "बाई," ती म्हणाली, "तुमी सांगितला तसाच केला ना आमी?"

मी "हो गो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कचेरी गाठली. "ही बघा, जिवंत उभी आहे तुमच्यासमोर!" कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने अहवालाची नक्कल वाचून दाखवली: सदर महिला गावी राहत नाही, घर अस्तित्वात नाही, मुलगी आईविना आहे. "अहवाल सकाळीच ठाण्याच्या जिल्हा कचेरीत गेला, बाई. आता फेरचौकशीचा हुकूम येऊ द्या." बाहेर आल्यावर तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "साहेबांची चूक झाली." माझी झाली, हे काही केल्या तोंडातून निघेना. एरवी जगाला सुनावणारी मी! त्या सोमवारी वाडीतच थांबले असते तर, हे तेव्हापासून रोज मनात येतं.

दिवाळी झाली आणि वाडी दरवर्षीसारखी वीटभट्टीवर निघाली. त्या दोघीही ट्रकमध्ये चढल्या. मी थांबा म्हटलं असतं, पण त्यांना खायला कोण घालणार होतं? पौषात हुकूम आला, जीपही आली. मी धावत आडवी गेले. वाडीत दोन म्हातारी माणसं आणि कुत्री. मी हातापाया पडले, "भट्टीवर चला, मी दाखवते." साहेब म्हणाले, ती मुरबाडकडची भट्टी, आमच्या हद्दीत येत नाही. त्यांनी लिहिलं, कुटुंब स्थलांतरित. त्यानंतर त्या कागदासाठी मी तीनदा चपला झिजवल्या. प्रकरण बंद, एवढंच ऐकायला मिळालं.

वैशाखात वाडी परतली. मायलेकी सरळ अंगणवाडीच्या दारात आल्या. आई आणखीच सुकली होती. पोरगी मात्र उंच झाली होती. मी तिला जवळ घेतलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "भट्टीवर काय काय शिकलीस गो?"

ती ताठ उभी राहिली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "माझी आई नाय!" मग चण्यांसाठी ओंजळ पुढे केली.

आई मागून कौतुकाने म्हणाली, "इसरली नाय हां बाई. भट्टीवर पन मी रोज घोकून घेत होते."